शीत

पूर्ण बिल्डला अकरा मिनिटं लागतात.
अकरा मिनिटांत एक्सलो पॉइंटला जाऊन
कटिंग पिऊन परत येता येतं,
आणि तेवढ्यात शेडमध्ये निमसे
एका जॉबचं फेसिंग उरकतात.

मी एक अर्धविराम विसरले होते.
ते अकराव्या मिनिटाला कळलं.

वर्षभर असंच.
आमटीत मीठ आहे का, एवढंच बघायचं
तर दर वेळी अख्खी पंगत बसवा,
पानं मांडा, वाढा, उष्टी काढा,
मग शेवटच्या पानावरचा कुणीतरी म्हणणार,
जरा कमी आहे.

आता ही काळी खिडकी आली.
एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं,
आणि ती तिथल्या तिथे बोलते.
तळहातावर थेंब घेऊन चाटावा, तसं.

पहिल्या दिवशी मी तिला विचारलं,
सात भागिले दोन?
ती म्हणाली, तीन.
उरलेलं अर्धं तिने सांडून दिलं होतं,
कुठलाही आवाज न करता.
पूर्णांकांच्या हिशेबात
अर्ध्याला ओटाही नाही बसायला.
मला हसू आलं.
साडेतीन पीठांतलं ते अर्धं तर आमचंच,
वणीच्या गडावरचं.
सातापुढे एक टिंब दिलं, एक शून्य,
आणि गड परत आला.

मग मला सवय लागली.
द्राक्षाच्या पेट्या तोलणारं आमचं मशीन
मी कणाकणाने त्या खिडकीत चाखत गेले:
हे फंक्शन बरोबर, हेही बरोबर,
पाच किलोला झडप बंद, बरोबर.
शितावरून भात.
रात्री साडेदहाला पाथर्डी फाट्यावरून घरी जाताना
स्कूटरवर मी चक्क गुणगुणत होते.

सकाळी निमशांनी पट्ट्यावरची तिसरी पेटी उचलली,
नुसती उचलली,
आणि खाली ठेवत म्हणाले,
हलकी आहे.

काटा म्हणत होता पाच.
स्क्रीन म्हणत होती पाच.
मी म्हणत होते पाच.
निमशांनी रिकामी पेटी काट्यावर ठेवली,
तीनशे ग्रॅम,
आणि माझ्याकडे बघितलं.
हे कोण वजा करणार?

मी केलं होतं. परवा दुपारी.
खिडकीत बसून, एका ओळीत, गंमत म्हणून
तो आकडा तिला सांगून ठेवला होता
आणि विसरले होते.
ती विसरली नव्हती.
नंतरच्या प्रत्येक उत्तरात
तिने इमानेइतबारे तो वजा केला.
खऱ्या प्रोग्रॅमला मात्र कुणीच काही सांगितलं नव्हतं.
तिथे त्या जागी शून्य बसून होतं, निवांत.

हवेत कापून बघितलंस, निमसे म्हणाले.
आम्हीही बघतो. टूल फिरतं, आवाज गोड येतो.
पण लोखंड हवेसारखं नसतं ना.

शनिवारी अंबडला सुट्टी.
मी मात्र आले, खिडकी बंद केली, पुन्हा उघडली,
कोरी,
आणि सगळं पहिल्यापासून विचारायला बसले.
निमसे कूलंटचा ड्रम उतरवून घ्यायला आले होते.
माझ्यामागे उभं राहून म्हणाले,
काहीही विचारलं तर चालतं हिला?

काहीही.

त्यांनी बोट पँटला पुसलं
आणि एकेक अक्षर शोधत
स्वतःचं आडनाव टाइप केलं. एंटर.

लाल ओळ आली.
त्यांनी मला वाचून दाखवायला सांगितलं.
मी वाचलं: हे नाव जाहीर केलेलं नाही.

बरोबर आहे, ते म्हणाले.
एकवीस वर्षं झाली. मस्टरवरही नाही.
ठेकेदाराकडे बहुतेक 'हेल्पर चार' आहे.

मला काही सुचेना.
मी वरच्या ओळीत त्यांचं नाव जाहीर केलं,
त्याला एक किंमत दिली,
आणि पुन्हा एंटर दाबलं.
या वेळी खिडकीने निमूट उत्तर दिलं.

ते बराच वेळ बघत राहिले.
मग विचारलं,
हे किती दिवस राहील?

बाहेर ड्रमचा टेम्पो हॉर्न वाजवत होता.
मी म्हटलं, खिडकी बंद करेपर्यंत.